छप्पन सालचा दुकाळ आणि आमचा ब्राह्मणपारा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'काहीतरी ऐतिहासिक' लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा आमच्यासमोर साहजिकच नेहमीचे विषय उभे राहिले. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांनी रतनपूरवर केलेली स्वारी, बिंबाजी भोसल्यांची कारकीर्द, कंपनी सरकारच्या अमदानीत रतनपूरहून रायपूरला आलेली कचेरी, आणि त्या ओघात या मुलखात स्थिरावलेली आपली मराठी कुटुंबे. हा इतिहास आपल्या वाचकांना विदित आहेच. निदान प्रत्येक गणेशोत्सवातील एका व्याख्यानात तरी तो आपण ऐकत आलो आहोत. म्हणून या खेपेस राजेरजवाडे बाजूस ठेवून आम्ही पावसाविषयी लिहावयाचे ठरविले आहे. पावसाला बखर नसते असे म्हणतात. आमच्या घरी मात्र एक होती, आणि ती एका मडक्यात होती.

ब्राह्मणपाऱ्यातील आमच्या जुन्या घराच्या माजघरात, धान्याच्या कोठीमागे, तोंडाला फडके बांधलेले एक लहान मडके असे. त्यात दोन-अडीच पायली कोदो होते. ब्राह्मणाच्या घरी कोदोचे काय काम, असा प्रश्न आम्हां मुलांना पडे. कारण आमच्याकडे रोज शिजे तो तांदूळ, आणि कोदो म्हणजे गरिबाघरचे किंवा उपासाचे धान्य. दरवर्षी अक्तीला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, आजी ते मडके अंगणात आणी, धान्य सुपात घेऊन ऊन दाखवी, पाखडी आणि पुन्हा भरून ठेवी. त्यातला एक दाणा कधी शिजला नाही. विचारले तर ती एवढेच म्हणे, "छप्पन सालचं आहे ते. ज्याचं आहे त्याला द्यायचं आहे."

हे छप्पन साल म्हणजे विक्रम संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. राजस्थानात त्याला छप्पनिया म्हणतात, छत्तीसगढी माणूस 'छप्पन के दुकाल' म्हणतो. आजीचा जन्म त्यानंतरचा. तिला ते मडके सासूकडून, म्हणजे आमच्या पणजीकडून मिळाले होते. पणजी छप्पन साली सतरा-अठरा वर्षांची, नुकतीच सासरी आलेली सून होती. घरी धान कांडायला येणाऱ्या एका बाईने आसामला जाताना, "परत येईन तेव्हा पेरायला लागेल, तोवर सांभाळा," असे सांगून आपले बियाणे तिच्या ओटीत घातले होते. कोदो हे धान्य वर्षानुवर्षे टिकते, कीड त्याला सहसा लागत नाही, म्हणूनच जुने लोक ते दुष्काळासाठी राखीत. बाई परत आली नाही. तिचे नाव पणजीला ठाऊक असणारच. आमच्यापर्यंत ते पोचले नाही. घरात धान कांडणारीचे नाव तीन पिढ्या टिकत नसते आणि तिचे मडके टिकते, ही गोष्ट आम्हांस आता लिहितानाही बोचते.

आता त्या पावसाकडे वळू. छत्तीसगढची शेती ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना येथील 'बियासी' माहीत असेल. देशावरचा मनुष्य ती प्रथम पाहतो तेव्हा त्याला वेडेपणा वाटतो. भात फेकून पेरावयाचे, ते वीतभर वाढले आणि बांधीत पाणी साचले की उभ्या पिकातून नांगर फिरवावयाचा. तण मरते, दाट रोपे विरळ होतात, उरलेली जोमाने फुटतात. पण त्यासाठी श्रावणात बांधी पाण्याने भरलेली पाहिजे. पुढे उत्तरा-हस्ताचा पाऊस लांबीवर आलेल्या भाताला पाहिजे. म्हणजे वर्षभराच्या एकूण पावसाचा आकडा कितीही चांगला असो, श्रावणाचा एक पंधरवडा आणि हस्ताचे चार दिवस कोरडे गेले की 'धान का कटोरा' पालथा पडला. ज्वारी-बाजरीच्या मुलखात अर्ध्या पावसावर अर्धे पीक तरी हाती येते. भाताला तशी तडजोड मान्य नाही.

१८९६ साली हेच झाले. आरंभी पाऊस बरा होता. भाद्रपदाच्या सुमारास तो जो थांबला तो थांबलाच. भात लोंबीला येता येता वाळले. त्यानंतरची दोन वर्षे लोक कसेबसे उभे राहतात न राहतात, तोच १८९९ उजाडले. त्या वर्षी पावसाने आरंभापासूनच हात आखडता घेतला. बियासीला पाणी नाही, हस्ताला ढग नाहीत. छत्तीसगढातील भाताचे पीक जवळजवळ संपूर्ण बुडाले. साऱ्या हिंदुस्थानच्या पर्जन्यमानाची जी नोंद आज उपलब्ध आहे, तीत १८७७, १८९९ आणि १९१८ ही अत्यंत कोरड्या वर्षांत गणली जातात. पैकी मधले आमचे.

दुष्काळ आपल्या मराठी मनाला नवखा नव्हे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन बारा वर्षे टिकल्याचे सांगतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी ज्यात सरकारी कोठारे उघडली असे परंपरा मानते तो दुष्काळ. आणि १६३० ते १६३२ चा, ज्यात तुकोबारायांची पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली. त्यानंतर १७९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत असा दुष्काळ पडला की, उघड्यावर पडलेल्या हाडांवरून इंग्रजांनी त्याला कवट्यांचा दुष्काळ म्हटले. १८७६ ते ७८ चा दुष्काळ तर आपल्या सार्वजनिक जीवनाचा एक उगमच होय. सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली ती त्याच वेळी, आणि वासुदेव बळवंत फडके यांच्या मनात जो वणवा पेटला त्यालाही त्या वर्षांत खेडोपाडी पाहिलेली उपासमारच कारण झाली. पुढे १८९६ च्या दुष्काळात लोकमान्यांनी 'केसरी'तून शेतकऱ्यांना दुष्काळाच्या कायद्यातील त्यांचे हक्क समजावून सांगितले. पुण्याचा हा इतिहास आपण पाठ केलेला आहे. त्याच वर्षी रायपूर जिल्ह्यात काय चालले होते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. आपण राहतो येथे आणि आठवतो तेथले, हा दूर गेलेल्यांचा नेहमीचा दोष आहे. आम्ही स्वतःस त्यातून वगळीत नाही.

पाऊस एका जिल्ह्यावर रुसत नाही, हे समजावयास जगाला बराच काळ लागला. १८७७ साली हिंदुस्थान होरपळत असताना उत्तर चीनमध्ये त्याहून भयंकर दुष्काळ चालू होता, आणि ब्राझीलच्या ईशान्य भागातून लोक किनाऱ्याकडे पळत होते. कलकत्त्याचे १८६४ चे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांनी डोळे उघडल्यावर सरकारने १८७५ साली हवामान खाते स्थापिले होते. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या असे ध्यानी आले की, ज्या वर्षी आपला पाऊस बुडाला त्या काळात हवेचा दाब केवळ येथेच नव्हे, तर दूरदूरच्या वेधशाळांतही नेहमीपेक्षा अधिक होता. १८८८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात चार्ल्स टॉड यांना दिसले की, त्यांचे आणि आमचे अवर्षण पुष्कळदा एकाच वर्षी येते. छप्पनच्या दुष्काळानंतर, १९०४ मध्ये, गिल्बर्ट वॉकर हे गणिती या खात्याचे प्रमुख होऊन आले. पाऊस आधी सांगता येईल काय, या एकाच प्रश्नासाठी त्यांनी जगभरचे आकडे मांडले, आणि प्रशांत महासागराच्या एका टोकाला दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, हा झोका शोधून काढला. पेरूच्या किनाऱ्यावरचे कोळी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार पाण्याला 'एल निनो', म्हणजे बाळ येशू, म्हणत. ते पाणी आणि वॉकरांचा झोका हे एकाच घटनेचे दोन अवयव आहेत, हे १९६९ मध्ये ब्येर्कनेस यांनी दाखवून दिले. १८७७, १८९६ आणि १८९९ ही तिन्ही वर्षे एल निनोची. तरी हा हिशेब पक्का समजू नये. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील अत्यंत प्रबळ. त्या वर्षी आपल्याकडे पाऊस सरासरीइतका झाला. समुद्राचे व आपले नाते भावकीचे आहे. दावा आहे, पण प्रत्येक खेपेस निकाल त्याच्याच बाजूने लागेल असे नाही.

१८९९ आणि १९०० ही दोन वर्षे जगभर पाहिली तर मोठी विलक्षण दिसतात. ऑस्ट्रेलियात १८९५ पासून सुरू झालेले दीर्घ अवर्षण चालूच होते. ८ ऑगस्ट १८९९ रोजी सान सिरियाको नावाने ओळखले जाणारे चक्रीवादळ पोर्तो रिको बेटावर आदळले; तीन हजारांवर माणसे गेली आणि कॉफीचे मळे मुळासकट गेले. ८ सप्टेंबर १९०० रोजी अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन शहर एका रात्रीत समुद्राखाली गेले. मृतांचा अंदाज सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत केला जातो. यांतील पोर्तो रिकोची हकीकत आमच्या कामाची आहे, कारण मळे बुडाल्यावर तेथील मजुरांना दलालांनी जहाजात घालून अर्ध्या जगापलीकडे, हवाई बेटांतील उसाच्या मळ्यांवर नेले. त्याच सुमारास रायपूर-बिलासपूरच्या खेड्यांतून आरकाटी लोक माणसे गोळा करून आसामच्या चहामळ्यांकडे नेत होते. वारा तिकडे, अवर्षण इकडे. दलाल मात्र एकाच जातीचे.

आता आमच्या मते या इतिहासातील जो खरा विचार करण्यासारखा भाग आहे, त्याकडे येतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ तीन वर्षांच्या अंतराने त्याच मध्यप्रांतात पडले. पिकांची हानी दुसऱ्यात कितीतरी अधिक होती. मृत्यू मात्र पहिल्यात अधिक झाले. हे कसे?

पहिल्या खेपेस प्रांताच्या सरकारने दुष्काळ आहे हे मान्य करावयासच उशीर लावला. १८८० च्या फॅमिन कमिशननंतर दुष्काळाचे नियम लिहून तयार होते. आधी 'कसोटीची कामे' काढावी, लोक कामावर आले तर खरी गरज आहे असे समजावे, मग मोठी कामे उघडावी, अशी त्यांची पद्धत. पण उपाशी मनुष्य अंगात ताकद असते तोवर गाव सोडत नाही, आणि गाव सोडतो तेव्हा त्याच्या अंगात खडी फोडण्याची ताकद राहिलेली नसते. कसोटीत लोक आले नाहीत याचा अर्थ गरज नाही असा घेतला गेला. त्यात तापाची व पटकीची साथ. १८९७ साली मध्यप्रांताचे मृत्युमान असे चढले की, पुढच्या चौकशीत प्रांताच्या कारभारावर उघड ठपका आला.

त्या ठपक्याचा गुण म्हणा, १८९९ च्या शरदातच सरकारने कामे काढली. तलावांचे मातीकाम, रस्त्यांची खडी. म्हाताऱ्यांना आणि अपंगांना गावातच धान्य. मुलांसाठी शिजवलेल्या अन्नाची रसोडी. साऱ्याची तहकुबी आणि बियाण्या-बैलांसाठी तगाई. रायपूर जिल्ह्यात मदत घेणाऱ्यांची संख्या लाखांवर गेली. खर्च इतका झाला की १९०१ च्या कमिशनने या खेपेस उलट मध्यप्रांतात हात सैल सोडल्याची तक्रार केली! सरकारी नोकरीत तीस वर्षे काढल्यावर आम्हांस या दोन ठपक्यांचे मुळीच आश्चर्य वाटत नाही. माणसे मेली तर विलंबाचा शेरा, आणि वाचली तर खर्चाचा. एवढे मात्र निर्विवाद, की कमी पावसाच्या वर्षी कमी माणसे मेली. आकाश तेच होते, कचेरी बदलली होती.

'वाचली' हा शब्दही जपून वापरावा लागेल. १९०१ च्या खानेसुमारीत रायपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १४ लाख ४० हजार भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती सुमारे ९ टक्के कमी होती. जी माणसे नव्हती त्यांतील पुष्कळ गेली होती आणि पुष्कळ निघून गेली होती. खानेसुमारीच्या कागदावर हे दोन्ही एकाच रकान्यात उतरते.

रेल्वेचे स्थान या कथेत दुहेरी आहे. बंगाल-नागपूर रेल्वे १८९० च्या सुमारास रायपूरवरून पुढे जाऊन १८९१ मध्ये नागपूरपासून आसनसोलपर्यंत सलग सुरू झाली. तिच्यामुळे छप्पन साली बाहेरचे धान्य येथे पोचू शकले, ही गोष्ट खरी. परंतु त्याआधीच्या दहा वर्षांत याच गाडीने येथले धान बाहेर जाऊ लागले होते, आणि ज्या कोठ्यांत पूर्वी दोन-दोन सालांचा दाणा पडून असे त्यांत रुपये आले. रुपये कोदोसारखे टिकत नाहीत. आणि शेवटी आमच्या मडक्याची धनीण गेली तीही याच गाडीने. धमतरीची छोटी गाडी तर दुष्काळाच्या सालीच, १९०० मध्ये, सुरू झाली. आपल्यापैकी चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने तेलीबांधा फाटकापाशी तिची वाट पाहिली असेल. २०१७ नंतर शहरातील तिचे रूळ निघाले आणि त्या पट्ट्यावरून आता एक्सप्रेस-वे धावतो.

आपली मराठी मंडळी त्या काळी काय करीत होती? स्मरणिकेत याचे उत्तर अभिमानाने देता येते, आणि काही अंशी ते द्यावयासच हवे. जानेवारी १९०० मध्ये, म्हणजे दुष्काळ ऐन भरात असताना, पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे या प्रदेशाचे पहिले हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी. अंक आरंभी आमच्या रायपुरातच छापला जात असे. सभोवती माणसे मोलमजुरीसाठी मैलोगणती चालत असताना तीन तरुणांनी मासिक काढावे, याला कोणी धाडस म्हणेल, कोणी अप्रस्तुत म्हणेल. मासिक पुरती तीन वर्षे चालले. १९०१ मध्ये सप्र्यांनी 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा याच मासिकात छापली. एका विधवेची झोपडी जमीनदार बळकावतो आणि ती त्याच्याकडे टोपलीभर माती मागते, एवढीच ती गोष्ट. पण ज्या वाचकांनी नुकतीच हजारोंना डोक्यावर मातीच्या टोपल्या वाहताना पाहिले होते, त्यांना ती टोपली किती जड वाटली असेल! लाखे यांनी पुढे १९१३ च्या सुमारास रायपुरात सहकारी बँकेचा पाया घातला. शेतकऱ्याला बियाण्यासाठी सावकाराच्या दारी जावे लागू नये हा विचार छप्पनच्या शिवारातच उगवला, असे आम्ही समजतो. पुरावा मागाल तर तो आमच्याजवळ नाही; पण त्या पिढीतील कोणता विचार त्या शिवारातून आला नव्हता?

अभिमानाच्या या बाजूबरोबर दुसरीही सांगावी लागेल. आमचे पणजोबा त्या वर्षी एका तलावाच्या कामावर हंगामी कारकून होते. हजेरीपट भरणे हे त्यांचे काम. खणणाऱ्याला इतके, वाहणाऱ्याला इतके, मुलाला इतके. ठरल्यापेक्षा काम कमी भरले तर दाम कमी. ब्राह्मणपारा आणि तात्यापारा या वस्त्यांतील लिहिता-वाचता येणाऱ्या पुष्कळ तरुणांना त्या दोन वर्षांत अशी कामे मिळाली. घरात या गोष्टीचा उल्लेख 'तुझ्या पणजोबांना सरकारी नोकरी लागली' अशा आनंदाच्या सुरात होत असे. ती तात्पुरती जागा पुढे कायम झाली, तिच्यावर घर उभे राहिले, आणि त्या घरातूनच आम्ही शिकून केंद्र सरकारच्या सेवेत आलो. आमच्या घराची पायाभरणी त्या हजेरीपटावर झाली आहे. धान कांडणारी बाईही कदाचित त्याच कामावर माती वाहत असेल. तिचे काम कोणी तरी मोजले असेल. पणजोबांनीच मोजले, असे म्हणावयास आधार नाही. नव्हते, असे म्हणावयासही नाही. पणजोबा कडक होते, एवढेच सर्वजण सांगत.

दुष्काळ ओसरल्यावर सरकारने पाटबंधाऱ्यांचे कमिशन नेमले आणि त्यातून या प्रदेशाचे रूप पालटले. बालोदजवळचा तांदुला, रुद्रीपाशी महानदीचे पाणी वळविणारा बंधारा, आणि धमतरीपलीकडे सिल्लारी नदीवर १९२३ साली पुरे झालेले मुरूमसिल्लीचे धरण. मुरूमसिल्लीला वक्रनलिकेचे सांडवे आहेत. पाणी ठराविक पातळीवर चढले की दरवाजा न उघडता ते आपोआप बाहेर पडते. सहलीला गेलात तर हे आवर्जून पाहावे. पाण्याबरोबर पाणीपट्टीही आली, आणि १९२० मध्ये कंडेल गावच्या शेतकऱ्यांवर कालव्याचे पाणी चोरल्याचा आळ घेऊन दंड बसविला गेला तेव्हा पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि धमतरीचे नारायणराव मेघावाले यांनी सत्याग्रह उभारला.

नवे कालवे होण्याआधीची छत्तीसगढची पाण्याची रीत मात्र तलावांची. 'छै आगर छै कोरी', म्हणजे सहा विसांवर सहा, एकशे सव्वीस तलाव, अशी येथल्या जुन्या गावांची ऐट सांगितली जाते. आमच्या लहानपणी कंकाली तलावावर जाण्यासाठी ब्राह्मणपाऱ्यातून पाच मिनिटे पुरत. रायपूरचा रजबंधा तलाव बुजला, त्यावर इमारती झाल्या. इतर काही आक्रसले. २००० साली छत्तीसगढ राज्य जन्मास आले तेच दुष्काळात. त्या हिवाळ्यात रायपूर स्टेशनवर बोचकी, भांडी आणि मुले घेऊन गाडीची वाट पाहत बसलेली कुटुंबे आम्ही रोज कचेरीत जाता-येता पाहिली. कोठे चालला, असे विचारले की 'कमाये-खाये बर' एवढेच उत्तर मिळे. ती माणसे उपाशी मरणार नव्हती, हा शंभर वर्षांतला फरक मोठाच. फलाट तोच होता.

आसामला गेलेल्यांचे पुढे काय झाले याची एक हकीकत सर्वश्रुत आहे. छप्पनच्या आगेमागे एक सतनामी कुटुंब गाव सोडून आसामकडे निघाले. तीन मुलींपैकी दोघी वाटेतच दगावल्या असे सांगतात, तिसरी जगली. तिच्या पोटी आसामात नौगाव भागात जन्मलेली मुलगी पुढे लग्न होऊन छत्तीसगढात परतली. त्याच मिनीमाता. १९५० च्या दशकात त्या लोकसभेवर निवडून गेल्या, छत्तीसगढच्या पहिल्या महिला खासदार म्हणून ओळखल्या गेल्या, आणि ११ ऑगस्ट १९७२ रोजी दिल्लीजवळच्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला. हसदेव नदीवरील बांगो धरणाला त्यांचे नाव आहे.

आमच्या बाईची हकीकत कोणी लिहून ठेवली नाही. आजी १९८८ साली गेली. पुढे जुने घर पाडण्याची वेळ आली तेव्हा मडके सापडले, आणि त्यातले कोदो दोन जागी झाले. ओंजळभर आम्ही एका ओळखीच्या शेतकऱ्यास पेरावयास दिले. ते उगवले नाही. उरलेले आजही काचेच्या बरणीत आहे.

सुमारे दहा वर्षांपूर्वी आमची बदली गुवाहाटीस झाली होती. कामानिमित्त नगाव जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या वस्तीत जाण्याचा योग आला. चहाच्या टपरीवर दोन म्हातारे बोलत बसले होते. बोलण्यात आसामी शब्दांची सरमिसळ होती. पण मध्येच 'गोठियाथे' आणि 'लइका' असे शब्द कानी पडले आणि आम्ही जागच्या जागी थबकलो. आम्ही छत्तीसगढीतून रामराम केला. दोघांनी हातातले पेले खाली ठेवले. कोणते गाव, असे त्यांनी विचारले. रायपूर, आम्ही सांगितले. त्यांतील एकाने आपल्या आजाचे गाव बलौदाबाजाराकडचे असल्याचे सांगितले. तो स्वतः तिकडे कधी गेलेला नव्हता, त्याचा बापही नाही. मग बराच वेळ तो आमच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि त्याने एकच गोष्ट विचारली,

"ए बछर रइपुर डहर पानी गिरिस का?"

या वर्षी रायपूरकडे पाऊस पडला का? आम्ही चार महिने घरी गेलो नव्हतो. तरी आम्ही सांगितले, गिरिस, बने गिरिस.